गावातली गेलेली माणसं वहीत कशी आणायची?

सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आहे. करोनाच्या दोन वर्षांत आणि त्यानंतर त्याच्या गावची जुनी माणसं भराभर गेली. आजोबा गेल्यावर वारसनोंदीसाठी वंशावळ लिहायला बसले, तर पणजीचं नाव घरात कुणालाच सांगता येईना. आता गावातल्या सगळ्या गेलेल्या माणसांची आणि त्यांच्या घराण्यांची माहिती एका जागी जमवावी, असं त्याच्या मनात आहे. सुरुवात कुठून करायची, कागद कुठे मिळतात, आणि "आता कशाला उकरून काढता" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं, असं त्यानं विचारलंय.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत मास्तर होतो. निवृत्तीच्या आधीपासून, म्हणजे गेली १८ वर्षं, आमच्या गावच्या मयत माणसांची वही लिहितोय. आता तिची सात रजिस्टरं झालीत. जे सांगतो ते चुका करून शिकलेलं आहे, म्हणून पहिली चूकच आधी सांगतो. तेवढीच तुमची दोन वर्षं वाचतील.

सुरुवातीला मी उत्साहात ६४ पानांची पुस्तिका काढली आणि जत्रेत वाटली. जुने सरपंच, कीर्तनकार, नावाजलेले पैलवान, गावातला पहिला पदवीधर, असे सगळे त्यात. दुसऱ्या दिवशी बौद्ध वस्तीतले एक आजोबा पुस्तिका काखेत मारून आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला. मग शांतपणे म्हणाले, "गुरुजी, नातवाकडनं समदं वाचून घेतलं. आमच्यातलं कुणी मेलंच न्हाई वाटतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री नावं मोजली. माणसं ११२, त्यात बायका तीन, आणि त्या तिघीही कुणाच्या तरी मातोश्री म्हणून आलेल्या. धनगरवाड्यातलं एकही नाव नाही.

तेव्हापासून मी माणसांची यादी करणं सोडलं आणि घरांची केली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मोठ्या कागदावर गावाच्या आळ्या, वस्त्या, मळे काढा. प्रत्येक घराला एक आकडा द्या, आणि पडक्या घरांना, नुसत्या जोत्यांनाही द्या. ज्या घराचा वंश बुडाला त्याची नोंद सगळ्यात आधी घ्यायची, कारण नांदत्या घरातल्या माणसाला निदान वर्षश्राद्धाला तरी कुणी आठवतं. आमच्या गावात अशी नऊ जोती निघाली. एकावर आज उकिरडा आहे. तिथं राहणारी म्हातारी शिंप्याची होती आणि अख्ख्या गावाच्या टोप्या शिवायची, हे फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक आता नाही.

घरांचा नकाशा झाला की कागद. तलाठ्याकडे सातबारा, फेरफार म्हणजे नमुना ६, आणि वारसनोंदीचा ६क. माणूस मेला की जमिनीवर वारस लागतात, त्यामुळे ६क मध्ये कुटुंब जवळजवळ तयार मिळतं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या नोंदींत मुली बऱ्याचदा गाळलेल्या असतात. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क पक्का झाला, त्यानंतर त्यांची नावं कागदावर दिसायला लागली. तीही पुष्कळदा हक्कसोडपत्राच्या फेरफारात. लेकीचं नाव कागदावर आलं ते तिनं हक्क सोडला त्या दिवशी, असं किती घरांत झालंय ते मोजायचं मी सोडून दिलं.

ज्याला जमीनच नव्हती तो या कागदांत सापडत नाही. त्याच्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुक. शाळेच्या रजिस्टरातल्या जन्मतारखेवर हसू नका, पण विश्वासही ठेवू नका. निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, पोर दाखल करायला येणाऱ्या बापाला तारीख माहीत नसायची, आणि आम्ही मास्तर लोक वय बसेल असा १ जून टाकून मोकळे व्हायचो. मी स्वतः टाकलेत. त्यामुळे मयताचं वय दोन-तीन वर्षांनी इकडं-तिकडं होणार हे धरूनच चाला.

कोतवाल बुक ही मात्र खाण आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा आताचा कायदा १९६९ चा. त्याआधी गावातलं जनन-मरण पाटील-कोतवालामार्फत नोंदलं जायचं. तो जुना नमुना १४, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, आणि तो तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो. जुनी पानं मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर वाचणारा गाठा, किंवा शिका. चार महिने रोज तासभर बसलात तर नावं आणि आकडे वाचता येतात, आणि इथं तेवढंच लागतं. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा ही बुकं कपाटातून निघाली, स्कॅन झाली, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यातल्या प्रती आल्या. पण तिथं जातीच्या उल्लेखाची म्हणून निवडलेली पानं आहेत. आख्खं बुक बघायचं तर अर्ज करून तहसीललाच जावं लागतं.

वाचताना चार शब्द माहीत हवेत. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको; कुठे 'भ्रतार' लिहून पुढे नवऱ्याचं नाव येतं. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, जुलाब, बाळंतरोग, म्हातारपण एवढेच शब्द फिरून फिरून येतात. जन्माच्या नोंदीत बारसं व्हायच्या आधीचं बाळ असल्यानं नुसतं 'मुलगा १' किंवा 'मुलगी १' असतं. पहिल्यांदा मला त्याचा राग आला होता. नंतर कळलं की त्यातली कितीतरी नावं कधी ठेवलीच गेली नाहीत, कारण पुढच्या पानावर तेच 'मुलगी १' मरणाच्या नोंदीत येतं.

तुमचा जिल्हा सोडून मराठवाड्याकडे सोयरीक असेल तर तिकडचे जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूतले असू शकतात आणि साल फसली, म्हणजे तिकडचं महसुली साल, असतं. इसवी सन काढायला फसली सालात ५९० मिळवा, शकात ७८.

बहुतेक लोक मृत्यूचा दाखला गावातच शोधतात आणि मिळाला नाही की खचतात. मृत्यू जिथं झाला तिथं त्याची नोंद होते. कराडच्या नाहीतर पुण्याच्या दवाखान्यात गेलेला माणूस गावच्या रजिस्टरात नसतोच. आमच्यासारख्या गावांत तर एक आख्खी पिढी मुंबईला, गिरणीत. १९८२ च्या संपानंतर काही परतले, काही तिथंच राहिले आणि तिथंच मेले. त्यांच्यासाठी मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणीची वही शोधा. आमच्या मंडळाची वही लालबागच्या एका खोलीत पत्र्याच्या पेटीत होती. ज्याचं नाव वर्गणीतून अचानक गळतं, त्याच्यापुढं कुणीतरी बारीक अक्षरात 'मयत' लिहिलेलं असतं, आणि कधी 'प्रेत गावी पोचवले, खर्च मंडळाचा' असंही. गावाकडं कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या एका ओळीनं मला तीन घरं जोडून दिली.

फौजेतल्या माणसांचं वेगळं सांगतो. आमच्या भागात चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची इंग्रजांनी बसवलेली शिळा असते: या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. शिळेवर आकडा आहे, नावं नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आपल्या साध्या शिपायांचं बसराच्या स्मारकावरही तेच झालं. अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा आकडा. पण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर आता नावं शोधता येतात, आणि कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका असतो. गावाचं नाव इंग्रजी कारकुनानं कसं लिहिलं असेल याचे आठ-दहा प्रकार करून बघा. आमचं गाव मला सहाव्या प्रकाराला सापडलं.

आता कागदाबाहेरचं. खरं काम तिथंच आहे.

गावातल्या माणसाला मृत्यूची तारीख विचारू नका, म्हाळ कधी घालता ते विचारा. पितृपंधरवड्यात ज्या तिथीला पान वाढतात ती तिथी पिढ्यान् पिढ्या टिकते. नवमी म्हणाले तर बाई सवाष्ण गेली. चतुर्दशी म्हणाले तर आवाज खाली करा, कारण माणूस घातपातानं किंवा अपघातानं गेलेला असतो. सर्वपित्री म्हणाले तर बहुधा तिथीच माहीत नाही. तिथी कळते, साल कळत नाही. सालासाठी गावाची एक काळपट्टी करून भिंतीवर लावा. आमची अशी आहे: प्लेगात माळावर झोपड्या टाकल्या ती वर्षं, १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, पत्री सरकार, गांधीहत्येनंतरचं जळीत, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ, गिरणीचा संप. "भूकंपाच्या आदल्या सुगीत" असं कुणी म्हणालं की साल हातात आलं. साल आणि तिथी दोन्ही मिळाली की जुन्या पंचांगावरून तारीख निघते.

हे हिंदू घरांपुरतं. बौद्ध घरांत १९५६ नंतर श्राद्ध नाही, जलदानविधी आणि पुण्यानुमोदन असतं. तिथं लोक तारखेनं बोलतात आणि बऱ्याचदा ती बरोबर असते. मुलाणी-शेखांच्या घरी चाळिसावा, आणि कबर कुठली ते बोटानं दाखवतात. लिंगायतांकडेही तसंच. माझा अनुभव असा, की पुरणाऱ्यांना जागा आठवते आणि जाळणाऱ्यांना तिथी. म्हणून कबरस्तानात आणि लिंगायतांच्या भूमीत घरच्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन एकदा फिराच. दगडावर काही लिहिलेलं नसतं, पण पाय बरोबर ठिकाणी थांबतात.

बायकांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचा प्रश्न मुळात पणजीच्या नावापासूनच सुरू झालाय.

आमच्या वरच्या आळीतल्या एका घरात देव्हाऱ्यात, खंडोबाशेजारी, बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेली प्रतिमा, आहे. घासून घासून आकृती जवळजवळ पुसली गेलीय. लुगड्याच्या निऱ्या आणि कपाळावरचा ठिपका तेवढा बोटाला लागतो. मी विचारलं, ही कोण? "सवाशीण." कुणाची? "आमच्यातलीच." नाव? घरातल्या तीन पिढ्या एकमेकांकडे बघायला लागल्या. दर अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवते, ओटी भरली जाते, आणि जिच्या नावानं हे सगळं होतं तिचं नावच कुणाला माहीत नाही.

धागा मिळाला तो घरातल्या थोरल्या सुनेकडून. ती म्हणाली, पूर्वी नवमीला कोरेगावाकडनं नारळ यायचा, सासूबाई सांगायच्या. नारळ येतो म्हणजे माहेर. त्या गावात मी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला एका घरी ऐंशीच्या पुढचे एक बाबा भेटले. म्हणाले, "आमच्या आज्याची भण. दिली व्हती तिकडं. पयल्याच खेपंला गेली." आणि नाव सांगितलं. माहेरचं.

मग साल. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं, आणि दुसरीच्या थोरल्या मुलाचा जन्म शाळेच्या रजिस्टरात १९१९ चा होता. म्हणजे त्याच्या मागची पाच-सहा वर्षं बघायची. कोतवाल बुकात १९१६ च्या आश्विनात ती सापडली: सासरचं नाव, कोम अमुक, वय २०, बाळंतरोग. त्याच पानावर वर जन्माची नोंद, मुलगी १. उलटून पुढच्या पानावर मुलगी १, वय दिवस ४. घरच्यांना तिचं नाव छापलेलं नको आहे, म्हणून इथंही लिहीत नाही. वहीत दोन्ही नावं आहेत, माहेरचं आणि सासरचं. त्या मुलीच्या जागी मी रेघ ओढलीय.

यातून जी पद्धत बसली ती अशी. बाईची नोंद करायची तर माहेरच्या गावापासून निघायचं. आमच्याकडं सुनेला माहेराच्या गावावरून हाक मारायची रीत होती, वाईकरीण, मेढेकरीण, फलटणकरीण. नाव विसरतात, ही हाक विसरत नाहीत. लग्नात नाव बदललेलं असतं, त्यामुळे एकाच बाईच्या दोन बायका होऊ शकतात; माझ्या वहीत दोनदा झाल्या. माहेरी आत्या म्हणून ती ज्या नावानं जिवंत असते ते नाव सासरी कुणालाच ठाऊक नसतं. आणि एकदा का माहेर कळलं, की घराणी आपोआप जोडली जातात. दोन भावक्या चाळीस वर्षं बोलत नाहीत आणि दोघांच्या पणज्या एकाच घरातल्या सख्ख्या बहिणी निघतात, असं माझ्यासमोर झालंय. पुरुषांच्या वंशावळीनं एकेक घर कळतं, पण गाव बांधलंय ते सोयरिकींनी.

बाईनं नाव सांगू नये, नवऱ्याचं तर नाहीच, ही सवय किती खोल आहे बघा. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या मतदारयाद्या करताना सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. त्यात उत्तरेकडच्या राज्यांतल्या जास्त होत्या, पण आपण फार वेगळे होतो असं नाही. आजही म्हातारीला नाव विचारलं तर आधी हसते.

अशा वेळी वस्तू काढायला सांगा. एका आजींना मी सासू, जावा, नणंदा विचारत होतो, काही येईना. मग त्यांनीच अंगावरची गोधडी पसरली आणि तुकड्यांवर बोट ठेवत गेल्या. हा आत्याबाईंच्या लुगड्याचा, हा थोरल्या जाऊबाईंचा, त्या कॉलऱ्यात गेल्या, हा माझ्या मरून गेलेल्या लेकीच्या परकराचा. एका गोधडीतून पाच बायका मिळाल्या, त्यातल्या चौघी कुठल्याच कागदावर नव्हत्या. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव, गाव टिपून ठेवलं. तुमच्या गावच्या कुणाची ओवी त्यात आहे का बघा. नसेल तर उरलेल्या दोन-चार म्हाताऱ्यांकडून म्हणून घ्या. ओवीत भाऊ, भाचा, मामाचं गाव सगळं येतं.

पुरुषांच्या बाबतीत अडचण उलटी असते. माहिती भरपूर, पण सगळी एकसारखी. "कसे होते?" विचारलंत तर "देवमाणूस होता" एवढंच मिळेल. मी बैलांची नावं विचारतो. एक बाबा वडील कधी गेले ते काही केल्या सांगेनात. बैल कुठले होते म्हटल्यावर सरळ होऊन बसले. "सर्ज्या आन् पाखऱ्या. पाखऱ्या ७२ ला इकला, चाराच नव्हता. त्याच्या दुसऱ्या बाजाराला बा गेला. बैल इकला म्हून गेला म्हणायची आई." तारीख मिळाली आणि माणूसही मिळाला. तसंच पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात बैल-माणसं देण्याचा वायदा, कुणाशी होता, मोट कुणाच्या विहिरीवर, भांडण कुणाशी, तंबाखू कुठली, वारीला कुठल्या दिंडीत, असं विचारा. पैऱ्याचा जोडीदार जिवंत असेल तर तो पोराबाळांपेक्षा जास्त सांगतो.

केव्हा जायचं हेही महत्त्वाचं. सावडायला किंवा दहाव्याला वही काढू नका. त्या दिवशी फक्त हजर राहा आणि श्रद्धांजलीची भाषणं ऐका. पुढाऱ्यांची सोडा, शेवटी उठून अडखळत बोलणारा जो असतो त्याचं नाव मनात टिपा आणि महिन्याभरानं त्याच्याकडे जा. बाकी माहितीला जत्रेइतका चांगला काळ नाही. मुंबईकर आलेले असतात, लेकी माहेरी असतात, आणि एकाची आठवण चुकली की दुसरी आत्या आतून ओरडून दुरुस्त करते.

"कशाला उकरून काढता" म्हणणाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना समजवायला जाऊ नका. बहुतेक वेळा त्या घरात काहीतरी दुखरं असतं आणि बहुतेक वेळा ते जमिनीचं असतं. वंशावळ म्हणजे आज नुसती आठवण राहिलेली नाही. दाखल्यासाठी, वाटणीसाठी, कोर्टासाठी लोक ती मागायला येतात. माझा नियम आहे: वही बघायला द्यायची, पण पुरावा म्हणून सही करून काही द्यायचं नाही. दुसरी गंमत, गंमत कसली, माझी चूकच: एका माणसापुढं मी 'अविवाहित' लिहिलं होतं. पुस्तिका वाचून मुंबईहून एक बाई आल्या, बरोबर लग्नाचा फोटो आणि दोन मुलं. भावांनी मला जे सांगितलं ते मी तपासलं नव्हतं. आता घरच्या दोन वेगवेगळ्या माणसांनी, शक्यतो एक सासरचं आणि एक माहेरचं, सांगितल्याशिवाय मी शाईनं लिहीत नाही. तोवर पेन्सिल.

मरणाचं कारण मी फार जुन्या नोंदी सोडल्या तर लिहीत नाही. कायद्यातही ते शहाणपण आहे. मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही मागता येतो, पण त्यात मरणाचं कारण द्यायचं नाही असं कलम १७ मध्येच म्हटलंय. शेतकऱ्यानं औषध प्यायलं हे सगळ्या गावाला माहीत असतं. त्याच्या मुलीला ते वहीत वाचायला लागू नये.

आता नोंद लिहायची कशी. निधनवार्तेचा साचा तुम्हाला पाठच असेल: अल्पशा आजाराने, धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाचे, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार. यातला शेवटचा भाग नावांसकट ठेवा, तो सोन्यासारखा आहे. जुन्या वर्तमानपत्रांची अशी कात्रणं असतील तर गोळा करा. पण मनमिळाऊ शब्द काढून टाका, त्यानं कुणीच ओळखू येत नाही. माझ्या वहीतली एक नोंद नाव वगळून देतो:

"आक्का. माहेर जावळीतलं. आळीतली चाळीस तरी बाळंतपणं हिच्या हातची. पैसे घेत नसे, पायलीभर जोंधळे आणि चोळीचा खण घेई. भाकरी डाव्या हातानं थापायची. सुनेशी सात वर्षं अबोला. शेवटचं वर्ष अंथरुणात, सगळं त्याच सुनेनं केलं."

एवढंच. सुनेला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, सात न्हाई, आठ वर्षं. दुरुस्त केलं.

फोटोंचं थोडक्यात. कित्येक घरांत गेलेल्या बाईचा एकमेव फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा. तो मोठा करताना स्टुडिओवाला तिला भरजरी साडी चढवतो, आजोबांना दुसऱ्याच कुणाचा कोट आणि फेटा. भिंतीवर तो असू दे, पण तुम्ही मूळ ओळखपत्राचा फोटो काढून ठेवा, पदर डोक्यावरून घेतलेला, डोळे ताणलेले. तो तिचा खरा चेहरा. गटाच्या फोटोमागे डावीकडून नावं पेन्सिलनं लिहा. आवाज फोनवर टिपलात तर सुरुवातीला तारीख आणि कुणाच्या ओसरीवर बसलाय ते बोला, आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा. माझ्या अकरा मुलाखती एका फोनबरोबर विहिरीत गेल्या. वहीचीही झेरॉक्स करून एक शाळेत, एक वाचनालयात. छापायची घाई नको. छापलं की लोक बोलायचे थांबतात, पेन्सिल दिसत असेपर्यंत दुरुस्त्या येत राहतात.

शेवटी, तुम्ही सांगलीकडचे आहात म्हणून. तुमच्याकडं हेळवी अजून येतो का ते आधी विचारा. सुगी झाली की तो येतो, घराण्याची वंशावळ, मूळ गाव, कोण कुठून आलं ते दारात उभा राहून सांगतो, धान्य घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्यांच्याकडं वह्या असतात, काहींच्या जुन्या वह्या कानडीत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत तुमचं घर असेल तर कुणीतरी तिथवर गेलेलं असायला हवं. हेळवी मात्र स्वतः दारात येतो. दरवेळी त्याच घरांना तोच माणूस येतो. तो आला की पायलीवर बोळवू नका. बसवा, जेवायला घाला, आणि तुमच्या पणजोबाचं नाव सांगून विचारा, त्याची बायको कुठली.